परिचर्या विद्यार्थिनी आणि मनोरुग्णालयातील पहिले दिवस

कोणाच्या वागण्याची थट्टा करायची झाली, की मुंबई-कोकणात ‘याला ठाण्याला पाठवा’ असे सहज म्हटले जाते. पुण्याच्या बाजूला तेच ‘येरवड्याला पाठवा’ असे होते. बोलणाऱ्याच्या मनात फारसे काही नसते; परंतु या एका वाक्यात समाजाची मनोरुग्णालयाविषयीची सारी भीती साठवलेली आहे. ते भिंतीआडचे ठिकाण, तिथे गेलेला माणूस परत येत नाही, आला तरी ‘तसा’ राहत नाही, ही समजूत लहानपणापासून कानावर पडत असते. परिचारिका होण्यासाठी शिकणाऱ्या मुलीच्याही कानावर ती पडलेली असते. आणि एक दिवस महाविद्यालयाच्या फलकावर ‘मनोरुग्णालय पोस्टिंग’च्या यादीत तिचेच नाव लागते.

पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्याच्या वेवजीचा विचार करू. गुजरातच्या सीमेला खेटून असलेले हे गाव. हद्द ओलांडली की उंबरगाव तालुका लागतो. डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यातील मुलींसाठी परिचर्या हे स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे ओळखीचे साधन आहे. पालघर जिल्ह्यातील रुग्णांना जवळचे सरकारी मनोरुग्णालय म्हणजे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय. 1901 मध्ये स्थापन झालेली ही संस्था शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. वेवजीच्या मुलीसाठी हे अंतर केवळ किलोमीटरचे नसते. ज्या ठिकाणाचे नाव आजवर थट्टेत किंवा दबक्या आवाजातच ऐकले, तिथे गणवेश घालून, हातात वही घेऊन, अनोळखी रुग्णासमोर बसायचे असते. त्या वेळी तिला वाटणारी भीती, तिची कारणे आणि ती हाताळण्याचे मार्ग यांचा हा आढावा.

अभ्यासक्रमातील स्थान

भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमात मानसिक आरोग्य परिचर्या हा सक्तीचा विषय आहे. जनरल नर्सिंग अॅण्ड मिडवायफरी (जीएनएम) या पदविकेत तो दुसऱ्या वर्षी येतो. बी.एस्सी. नर्सिंगमध्ये पूर्वी तो तिसऱ्या वर्षी शिकवला जाई; सत्र पद्धतीच्या नव्या अभ्यासक्रमातही तो पाचव्या आणि सहाव्या सत्रात, म्हणजे तिसऱ्याच वर्षी आहे. वर्गातील तासांबरोबर मनोरुग्णालयात किंवा सर्वसाधारण रुग्णालयाच्या मनोविकार विभागात प्रत्यक्ष काम करावे लागते. रुग्णाचा पूर्वेतिहास घेणे, त्याच्या मानसिक स्थितीचे परीक्षण करणे, केस स्टडी लिहिणे, औषधांचे परिणाम नोंदवणे आणि रुग्णाशी झालेला संवाद शब्दशः लिहून त्याचे विश्लेषण करणे, म्हणजे ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’, ही त्यातील ठरलेली कामे.

या काही आठवड्यांचे महत्त्व कायद्यातही दिसते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 याच्या व्याख्येनुसार मानसिक आरोग्य परिचारिका होण्यासाठी मनोविकार परिचर्येची वेगळी पदवी असलीच पाहिजे असे नाही. सर्वसाधारण परिचर्येची मान्यताप्राप्त पदविका किंवा पदवी आणि राज्य परिषदेकडील नोंदणी एवढे पुरते. त्यामुळे पुढे कोणत्याही वॉर्डात गेली तरी कायद्याच्या दृष्टीने ती मानसिक आजाराच्या रुग्णांची परिचारिका होऊ शकते. आणि त्या कामाचा तिचा प्रत्यक्ष अनुभव बहुतेक वेळा या काही आठवड्यांपुरताच असतो. ते आठवडे केवळ भीती लपवण्यात गेले, तर हानी तिच्या गुणांपुरती राहत नाही.

भीती नेमकी कशाची?

शस्त्रक्रिया कक्षात किंवा अपघात विभागात पहिल्यांदा जातानाही विद्यार्थिनी घाबरतात. अमेरिकेत क्लीहॅमर, हार्ट आणि केक यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात परिचर्या विद्यार्थ्यांना सर्वाधिक चिंता दोन गोष्टींची वाटत असल्याचे आढळले : रुग्णालयातील अगदी पहिला अनुभव आणि हातून चूक होण्याची भीती. मनोरुग्णालयात या दोन्हींच्या जोडीला आणखी काही कारणे येतात.

पहिले कारण म्हणजे अंगावर धावून येण्याची भीती. चित्रपटांनी आणि ऐकीव गोष्टींनी मनोरुग्णाची जी प्रतिमा उभी केली, तिचा हा परिणाम. वास्तवात मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती हिंसक नसतात. त्या स्वतःच इतरांच्या हिंसेला बळी पडण्याची शक्यता अधिक असते. तरीही तीव्र आजाराच्या टप्प्यात काही रुग्ण आक्रमक होऊ शकतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘काही होत नाही, घाबरू नकोस’ असे म्हणून विद्यार्थिनीला गप्प बसवण्यापेक्षा आक्रमकतेची पूर्वचिन्हे कोणती हे शिकवणे अधिक उपयोगाचे. येरझाऱ्या वाढणे, आवाज चढणे, मुठी आवळणे, रोखून पाहणे ही चिन्हे ओळखता आली, की अनिश्चित भीतीची जागा सावधपणा घेतो.

दुसरे कारण ‘बोलू काय?’ हे. इतर वॉर्डांत विद्यार्थिनीच्या हातात काहीतरी काम असते. ताप पाहायचा, सलाईन लावायचे, मलमपट्टी करायची. मनोरुग्णालयात प्रमुख साधन असते ती स्वतःच. समोरचा रुग्ण बोलत नाही, किंवा ‘माझ्या डोक्यात यंत्र बसवले आहे’ असे सांगतो, तेव्हा हो म्हणावे की नाही? आपल्या एखाद्या शब्दाने त्याचा आजार वाढला तर? या धास्तीने अनेक जणी पहिले काही दिवस वहीच्या आड लपतात. प्रश्नावली वाचल्यासारखे प्रश्न विचारतात आणि उत्तर मिळताच उठतात.

तिसरे कारण रुग्णाच्या दिसण्याशी निगडित आहे. थरथरणारे हात, ताठरलेले अंग, तोंडातून गळणारी लाळ, भावशून्य चेहरा हे पाहून नवखी मुलगी दचकते आणि त्याला ‘वेडाची लक्षणे’ समजते. यातील कंप, ताठरपणा आणि लाळ गळणे हे अनेकदा काही मनोविकार-औषधांचे दुष्परिणाम असतात. डॉक्टरांच्या निदर्शनास आणल्यास मात्रा बदलून किंवा पूरक औषध देऊन ते कमी करता येतात. भावशून्य चेहरा व अबोलपणा ही स्किझोफ्रेनियाची ‘ऋण लक्षणे’ असू शकतात. हे आधी ठाऊक असेल, तर जे दृश्य भयाचे कारण होते तेच निरीक्षणाचा विषय होते.

चौथे कारण क्वचितच बोलून दाखवले जाते : स्वतःची किंवा घरच्यांची ओळख पटणे. नैराश्याची लक्षणे शिकताना ‘हे तर माझ्या आईला आहे’ असे वाटणे, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या समवयस्क मुलीचा इतिहास लिहिताना हात थांबणे, दारूच्या व्यसनाने दाखल झालेल्या रुग्णात वडील दिसणे, हे अनेकींच्या बाबतीत घडते. त्या दिवशी ती पोस्टिंगला जाण्याचे टाळते आणि नोंदवहीत ‘डोकेदुखी’ लिहिली जाते.

पाचवे कारण मुलींच्या बाबतीत विशेष आहे. रुग्णाने वैयक्तिक प्रश्न विचारणे, हात धरणे, लग्नाविषयी बोलणे. ‘रुग्णच आहे, सोडून दे’ असे सांगून हा विषय संपवला जातो. रुग्णाला दोष न देताही विद्यार्थिनीला ‘हे बोलणे मला योग्य वाटत नाही, आपण उपचाराविषयी बोलू’ असे शांतपणे सांगण्याचा आणि तेथून उठण्याचा अधिकार आहे, हे तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

डहाणू-तलासरीचा संदर्भ

या सर्वसाधारण कारणांत वेवजी परिसरातील मुलीची स्वतःची भर पडते. घरी वारली, डावरी किंवा गुजराती, शाळेत मराठी, पाठ्यपुस्तक इंग्रजी आणि ठाण्यातील रुग्णांपैकी अनेकांची भाषा हिंदी, अशा चार-पाच भाषांच्या कोंडीत तिला संवाद साधायचा असतो. आपले उच्चार ऐकून मैत्रिणी हसतील, ही चिंता रुग्णाच्या भीतीहून लहान नसते.

दुसरे म्हणजे, मानसिक आजाराचे तिच्या गावातील स्पष्टीकरण वेगळे असते. अंगात येणे, बाहेरची बाधा, कोणी काही केले असणे आणि त्यावर भगताकडे जाणे हे तिने लहानपणापासून पाहिलेले असते. पुस्तक सांगते मेंदूतील रसायने, आजी सांगते बाधा. या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या मुलीला वर्गात कोणी विचारत नाही, की तुझे मत काय? ती उत्तरपत्रिकेत पुस्तक लिहिते आणि वॉर्डात आजीच्या गोष्टीने घाबरते. शिक्षिकेने हा विषय उपहास न करता मोकळेपणी काढला, तर या मुलीचा अनुभव अडचण न राहता साधन होतो. रुग्णाचे नातेवाईक आधी भगताकडे का गेले, तिथे त्यांना काय मिळाले आणि रुग्णालयात काय मिळाले नाही, हे तिच्याइतके कोण समजून घेणार? सीमा मात्र स्पष्ट हवी. बाधा उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, चटके देणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

साखळीचा विषय निघाला की एरवाडीचे स्मरण होते. तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यातील या गावी 6 ऑगस्ट 2001 रोजी लागलेल्या आगीत 28 मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. बांधून ठेवलेले असल्याने त्यांना पळता आले नाही. माणसाची भीती वाटली, की त्याला आधी दूर ठेवले जाते आणि मग बांधले जाते. विद्यार्थिनीच्या मनातील भीतीकडे गांभीर्याने पाहण्याचे हेही एक कारण आहे.

चिंतेच्या चार पायऱ्या

मनोविकार परिचर्येचा पाया घालणाऱ्या अमेरिकन परिचारिका हिल्डेगार्ड पेप्लाऊ (1909–1999) यांनी 1952 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हाच उपचाराचा गाभा असल्याचे मांडले. चिंतेच्या सौम्य, मध्यम, तीव्र आणि भयग्रस्त अशा चार पायऱ्यांची त्यांनी केलेली मांडणी आजही शिकवली जाते. ती रुग्णाला लावण्यासाठी म्हणून विद्यार्थिनी पाठ करतात. ती स्वतःलाही लागू पडते, हे सहसा ध्यानात येत नाही.

सौम्य चिंतेत माणूस सावध होतो, नीट पाहतो आणि नीट ऐकतो. ही चिंता उपकारकच. मध्यम पायरीवर लक्ष आकुंचित होते. विद्यार्थिनीला रुग्णाचे हात दिसतात, पण त्याचे बोलणे ऐकू येत नाही. मात्र शेजारी कोणी असेल आणि सूचना देईल, तर ती काम करू शकते. तीव्र पायरीवर सूचनाही डोक्यात शिरत नाहीत. छातीत धडधड, घाम, मळमळ सुरू होते. अशा वेळी तिला ‘रुग्णाशी बोल’ असे दटावणे निरर्थक ठरते. तिला आधी वॉर्डाबाहेर नेऊन बसवावे लागते. भयग्रस्त अवस्थेत विचार जवळजवळ थांबतो आणि माणूस पळतो किंवा थिजतो. म्हणून उद्दिष्ट भीती शून्यावर आणण्याचे नसावे. जी मुलगी अजिबात घाबरत नाही, ती बेसावध असण्याचा संभव असतो. भीती पहिल्या, फार तर दुसऱ्या पायरीवर राहावी, एवढेच साधायचे असते.

न हाताळलेली भीती नाहीशी होत नाही, तर रूप बदलते. ती कधी थट्टा होते, कधी दरडावणे होते, कधी रुग्णाशी न बोलता दारापासूनच औषध देणे होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा निबरपणा वाटतो. अनेकदा तो पहिल्या पंधरवड्यात कोणी न विचारलेल्या भीतीचा उत्तरार्ध असतो.

शिक्षकांनी काय करावे?

पहिल्या दिवशी थेट तीव्र आजाराच्या बंद वॉर्डात नेणे टाळावे. बाह्यरुग्ण विभाग, व्यवसायोपचार विभाग, बरे होत आलेल्या रुग्णांचा वॉर्ड असा क्रम ठेवल्यास विद्यार्थिनी आधी माणसाला भेटते, आजाराला नंतर. जाण्यापूर्वी वर्गात भूमिका-अभिनय करून घ्यावा : एक जण रुग्ण, एक जण परिचारिका. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (2004) या स्किझोफ्रेनियावरील मराठी चित्रपटासारखी कलाकृती दाखवून चर्चा केल्यास चित्रपटांनीच निर्माण केलेली प्रतिमा काही अंशी पुसता येते.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस विद्यार्थिनींना जोडीने काम द्यावे. रोज वॉर्ड सुटल्यावर अर्धा तास सर्वांनी एकत्र बसावे. त्या अर्ध्या तासात गुण द्यायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत. आज कशाची भीती वाटली, एवढेच विचारायचे. शिक्षिकेने स्वतःच्या पहिल्या पोस्टिंगची भीती सांगितली, तर बाकीच्या आपोआप बोलू लागतात. प्रोसेस रेकॉर्डिंगच्या वहीत रुग्णाच्या वाक्यासमोर ‘मला त्या क्षणी काय वाटले’ हा रकाना असतो. तो कोरा सोडला जातो किंवा ‘दया वाटली’ असे ठरावीक लिहिले जाते. ‘भीती वाटली, म्हणून मी विषय बदलला’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलीचे गुण कापले जाणार नाहीत, ही हमी दिली तर हाच रकाना भीती हाताळण्याचे उत्तम साधन ठरतो.

मनुष्यबळ कमी आहे म्हणून विद्यार्थिनींना कर्मचाऱ्यांच्या जागी एकटे उभे करणे हे मात्र कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही.

विद्यार्थिनींसाठी काही सूचना

- वॉर्डात शिरताना इन्चार्ज सिस्टरांना भेटावे. आज कोण अस्वस्थ आहे, कोणाजवळ एकटीने बसू नये, हे विचारून घ्यावे.
- रुग्णाशी बोलताना दाराची वाट मोकळी राहील असे बसावे. ती रुग्णासाठीही मोकळी असावी. हातभर अंतर ठेवावे, पाठ करू नये.
- गळ्यातील साखळी, लोंबते कानातले, गळ्याभोवती घट्ट बसणारी ओळखपत्राची दोरी टाळावी. कात्री, ब्लेड, सुई यांची मोजदाद ठेवावी.
- भ्रमाशी वाद घालू नये आणि त्याला होकारही देऊ नये. ‘तुम्हाला तसे वाटते आणि त्याची भीती वाटते, हे मला कळते, मला मात्र तो आवाज ऐकू येत नाही’ असे म्हणता येते.
- स्वतःचा फोन क्रमांक व पत्ता देऊ नये. ‘मी तुम्हाला घरी नेईन’ यांसारखी वचने देऊ नयेत. पोस्टिंग कधी संपणार, हे रुग्णाला आधीच सांगावे.
- रुग्णाने जीव देण्याचा विचार बोलून दाखवला, तर ‘कोणाला सांगू नका’ ही त्याची अट मान्य करू नये. ताबडतोब सिस्टर किंवा डॉक्टरांना कळवावे.
- रुग्णाचे छायाचित्र काढू नये, त्याची हकीकत वसतिगृहात वा मोबाइलवर सांगू नये. गोपनीयता हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे.
- झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सतत रडू येत असेल आणि हे आठवडाभराहून अधिक चालले, तर ते ‘पोस्टिंगचे टेन्शन’ म्हणून सोडू नये. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते.

कायदा जाणल्याने भीती कमी होते

‘शॉक’ आणि ‘बांधणे’ या दोन शब्दांनी विद्यार्थिनी सर्वाधिक अस्वस्थ होतात. 29 मे 2018 पासून अमलात आलेल्या 2017 च्या कायद्याने या दोन्हींवर मर्यादा घातल्या आहेत. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय विद्युत उपचार करण्यास बंदी आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई आहे. शारीरिक प्रतिबंध हा तात्काळ धोका टाळण्याचा दुसरा मार्ग उरला नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि आवश्यक तेवढ्याच वेळासाठी करता येतो. एकांत कोठडी निषिद्ध आहे. 1912 च्या कायद्याच्या नावातच ‘ल्यूनसी’ म्हणजे वेड हा शब्द होता. 1987 च्या कायद्याने तो मागे टाकला आणि 2017 च्या कायद्याने रुग्णाचे हक्क मध्यभागी आणले. आपण कोणाला कोंडणाऱ्या व्यवस्थेचा भाग नसून त्याच्या हक्कांच्या राखणदार आहोत, हे समजले की विद्यार्थिनीच्या मनातील अपराधी भावही ओसरतो.

गावाकडे परतताना

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. आजारानुसार 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, वेवजीच्या पलीकडील गुजरात मात्र होता. आजार हद्द पाहून थांबतो, असे मानण्याचे कारण नाही.

एवढ्या रुग्णांपर्यंत मनोविकारतज्ज्ञ पोहोचणे नजीकच्या काळात अशक्य आहे. 1982 चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि 1996 मध्ये सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांचा भर म्हणूनच गावाजवळच्या आरोग्य केंद्रावर राहिला. आज उपकेंद्रांवर द्यावयाच्या सेवांतही मानसिक आरोग्याचा समावेश आहे आणि तिथे नेमल्या जाणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांत परिचर्येच्या पदवीधरही असतात. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी परिसराने भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवली, तेव्हा रात्री घराबाहेर झोपणाऱ्या माणसांच्या मनाची विचारपूस करायला सर्वांत जवळ कोण होते, याचा विचार केला म्हणजे या परिचारिकेचे मोल कळते.

अशा उपकेंद्रात एखादी आई आपल्या गप्प झालेल्या मुलीला घेऊन येते. ‘रात्रभर झोपत नाही, एकटीच पुटपुटते’ असे सांगते. समोरची परिचारिका खुर्ची पुढे सरकवून ‘बस, कधीपासून होते?’ असे विचारते, की ‘हिला ठाण्याला दाखवा’ म्हणून चिठ्ठी लिहून मोकळी होते, यावर त्या मुलीची पुढील वाट अवलंबून असते. ती परिचारिका यातील काय करील, हे पुष्कळ अंशी तिच्या पहिल्या पंधरवड्यात ठरलेले असते. त्या दिवसांत कोणीतरी तिच्या शेजारी बसून ‘तुला आज कशाची भीती वाटली?’ असे विचारलेले असावे, एवढीच अपेक्षा.